दार्ष्टान्तिकाचे स्थान : उपमान, दृष्टान्त आणि अध्यापन

'उपमान' हा शब्द आपल्या परंपरेत दोन घरी नांदतो. अलंकारशास्त्रात तो ज्याच्याशी तुलना करावयाची त्या वस्तूचे नाव आहे. न्यायशास्त्रात ते ज्ञानाचे साधन, म्हणजे प्रमाण आहे. शालेय व्याकरणाने पहिला अर्थ उचलला आणि उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द ही चार अंगे पाठ करवून घेतली. शब्दांच्या जोड्यांमधील संबंध ओळखण्याचे काम मात्र 'समसंबंध' या नावाखाली बुद्धिमत्ता चाचणीच्या स्वाधीन झाले. एकाच बौद्धिक व्यापाराचे हे दोन तुकडे वर्गात क्वचितच एकत्र येतात. ही फाळणी आपल्या परंपरेला नवी आहे.

नैयायिकांचे प्रसिद्ध उदाहरण गवयाचे. नगरवासी माणसाने गवय पाहिलेला नाही. अरण्यात वावरणारा त्याला सांगतो की, गवय हा गाईसारखा असतो. पुढे रानात गाईसारखा प्राणी दिसताच त्याला ते वाक्य आठवते, आणि गवय म्हणतात तो हाच, असे ज्ञान होते. हे फलित प्राण्याचे ज्ञान नव्हे. प्राणी तर डोळ्यांनीच दिसला. ते शब्द आणि त्याचा अर्थ यांच्या संबंधाचे, संज्ञासंज्ञिसंबंधाचे ज्ञान आहे. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त उपमानाचे स्वतंत्र प्रामाण्य राखले ते याच बळावर. वैशेषिकांनी आणि बौद्धांनी ते मानले नाही. मीमांसकांनी मानले, पण त्यांच्या मते समोरच्या गवयावरून आठवणीतल्या गाईचे सादृश्य कळते, इतकेच. अध्यापनाच्या दृष्टीने न्यायमत अधिक फलदायी वाटते, कारण त्यात सांगणाऱ्याचे वाक्य आधी लागते. वाक्याशिवाय सादृश्य दिसेल. नाव कळणार नाही.

मराठीपुरते बोलायचे तर हा व्यापार अध्यापनपद्धती म्हणून प्रथम स्पष्टपणे दिसतो तो महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त. चक्रधरस्वामींच्या निरूपणातील ११४ दृष्टान्त केशिराज व्यास ऊर्फ केसोबास यांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. प्रत्येक ठिकाणी तीन अंगे आहेत : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. सूत्र आणि दृष्टान्त हे स्वामींचे वचन, दार्ष्टान्तिक केसोबासांचे. दृष्टान्तातील कोणते अंग सिद्धान्तातील कोणत्या अंगाशी जुळते, हे दार्ष्टान्तिकात उलगडले जाते. वाङ्मयेतिहासाने दृष्टान्तांतील कथनाची वाहवा केली. लहान वाक्ये, बोलीचा ठसका, लोकजीवनाचे तपशील हे सारे गौरविले गेले, आणि ते यथार्थच होते. दार्ष्टान्तिक मात्र कथेला जोडलेली शिकवण म्हणून बाजूला राहिले. माझ्या मते ग्रंथाचा बौद्धिक कणा तेथेच आहे. न्यायाच्या पंचावयवी वाक्यात उदाहरणानंतर उपनय येतो आणि उदाहरणातील व्याप्ती प्रस्तुत पक्षाला लावून दाखवतो. दार्ष्टान्तिकाचे कार्य त्याच जातीचे आहे. केसोबास संस्कृतज्ञ होते, आणि नागदेवाचार्यांनी त्यांना संस्कृत ग्रंथरचनेपासून परावृत्त केल्याची हकीकत 'स्मृतिस्थळा'त आहे. शास्त्रातील ही शिस्त मराठीत, संस्कृत न जाणणाऱ्या अनुयायांसाठी उतरली, याला या हकीकतीमुळे वेगळाच अर्थ येतो.

हत्ती आणि जन्मांध हा यातील सर्वांत परिचित दृष्टान्त. ज्याचा हात पायाला लागला त्याला हत्ती खांबासारखा, कानाला लागला त्याला सुपासारखा. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आंधळ्यांची विधाने स्वतःच उपमानाची वाक्ये आहेत. 'हत्ती सुपासारखा' याची घडण 'गवय गाईसारखा' याहून वेगळी नाही. सादृश्यही खोटे नाही, कान सुपासारखा असतोच. चूक आहे ती धर्मीची : अवयवाचे साम्य अवयवीच्या माथी मारले गेले. म्हणजे सादृश्याने शिकवणारा हा दृष्टान्त सादृश्याच्या दुरुपयोगाचाही दृष्टान्त ठरतो.

हीच कथा पाली 'उदान' या ग्रंथात आहे. तेथे राजा जन्मांधांना हत्ती दाखवतो आणि त्यांचे भांडण ऐकून रमतो. कथा लागू होते ती परस्परांशी वाद घालणाऱ्या परमतवादी परिव्राजकांना. दृष्टान्तपाठात तिचा रोख ईश्वरस्वरूपाच्या एकदेशी ज्ञानाकडे आहे, आणि डोळस माणसाला तेथे सिद्धान्ताच्या दृष्टीने महत्त्व येते. कथा एक, दार्ष्टान्तिके दोन. तेव्हा दृष्टान्त आपला अर्थ स्वतः ठरवीत नाही, हे कथांच्या प्रवासानेच सिद्ध होते. कथा 'बोलकी' असते ही आपल्या समीक्षेतील लाडकी समजूत त्यामुळे जरा तपासून घ्यावी लागेल.

न्यायसूत्रकारांना हा धोका पुरता ठाऊक होता. पाचव्या अध्यायात त्यांनी २४ 'जाती' सांगितल्या, त्यांतील पहिल्या दोन साधर्म्यसम आणि वैधर्म्यसम. शब्द उत्पन्न होतो, म्हणून घटाप्रमाणे तो अनित्य, असे एकाने म्हणावे. लगेच दुसऱ्याने म्हणावे की तो अमूर्त आहे, म्हणून आकाशाप्रमाणे नित्य. दोघांकडे साम्य आहे. पण उत्पत्ती आणि अनित्यता यांची व्याप्ती आहे, अमूर्तता आणि नित्यता यांची नाही.

आजच्या समसंबंधाच्या प्रश्नाला ही कसोटी लावून पाहावी. कुंभारास मडके, तर सुतारास काय? पर्याय : करवत, खुर्ची, लाकूड. 'करवत' लिहिणाऱ्याजवळही एक संबंध असतो, पण तो फक्त सुताराच्या बाजूने खरा आहे. त्याला संबंध वाक्यात मांडायला सांगितला, 'कुंभार मडके घडवतो', आणि तेच क्रियापद दुसऱ्या जोडीत घालायला लावले, की करवत आपोआप गळते. उत्तरपत्रिकेत या वाक्याला जागा नसते. तेथे पर्यायाचा क्रमांक पुरतो. अमेरिकेतील सॅट परीक्षेत असे प्रश्न १९२६च्या पहिल्या परीक्षेपासून होते आणि २००५मध्ये ते वगळण्यात आले. त्या निर्णयाच्या कारणांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. आपल्याकडील अडचण निराळी आहे. पदव्युत्तर वर्गात दृष्टान्तपाठ नेमला जातो तेव्हाही प्रश्न विचारला जातो तो दृष्टान्ताच्या भाषासौंदर्यावर, आणि विद्यार्थी दार्ष्टान्तिक वगळून उत्तर लिहितो. सूत्र आणि दृष्टान्त तेवढे हाती देऊन दार्ष्टान्तिक विद्यार्थ्याला स्वतः लिहायला लावले, आणि मग ते केसोबासांच्या शेजारी ठेवून वाचले, तर दोन्हींतील अंतर कोठे पडते ते वर्गातच दिसू लागते.