दहावा हिस्सा

अफूचा इतिहास सांगावयाचा तर तो बहुधा व्यापाराचा म्हणून सांगितला जातो. माळव्याची अफू मुंबई बंदरांत आली, तेथून चीनकडे गेली आणि तिच्या पैशावर मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या, ही कथा सुपरिचित आहे. परंतु ज्याच्या शरीराला अफूची संवय जडली त्यानें ती सोडावी कशी, एकदम कीं हळूहळू, आणि हळूहळू म्हणजे किती हळू, या प्रश्नालाही एक इतिहास आहे. विसाव्या शतकांत सरकारनें त्याला तीन वेळां एकच उत्तर दिलें: दरसाल दहावा हिस्सा कमी करावा.

आपल्याकडे अफूची ओळख औषध म्हणून जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेंत ती ‘अहिफेन’ या नांवानें येते. अतिसार, खोकला आणि वेदना यांवर तिचा गुण खरा होता, आणि त्या गुणांतूनच पुष्कळांची संवय सुरू झाली. १८७८ च्या कायद्यानें अफूची विक्री सरकारी परवान्याखालीं आली. मुंबई शहराला जो कायदा, तोच नगर जिल्ह्यांतील नेवासें तालुक्याच्या सोनईसारख्या गांवाला. १८९३ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशननें दोन वर्षांनीं अहवाल दिला, तो बंदी नको असाच. हिंदुस्थानांत लोक अफू बेतानें घेतात, असें त्याचें मत पडलें.

हा ‘बेत’ कसा होता याचें एक उदाहरण मुंबईच्या गिरणगांवांत दिसतें. आई कामावर जातांना मूल निजून राहावें म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई. १९२२ सालीं डॉ. बार्न्स या बाईंनीं मुंबई सरकारसाठीं गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी केली, तींत शंभरांतील ९८ मुलांना अफू दिली जात असल्याचें त्यांनीं नमूद केलें. पाळण्यांतल्या मुलाला कोणी व्यसनी म्हणणार नाहीं. परंतु रोजच्या गोळीची ओढ त्याच्याही शरीराला लागूं शकते. अफूची संवय ही प्रथम शरीराची गोष्ट आहे, शीलाची नंतर, हें ज्याला ओळखावयाचें त्याला येथें ओळखतां आलें असतें.

दहाव्या हिश्श्याचा पहिला प्रयोग परदेशासाठीं झाला. १९०७ च्या करारान्वयें इंग्रज सरकारनें चीनकडे जाणारी अफू १९०८ पासून दरसाल एक दशांशानें उतरविण्याचें मान्य केलें, आणि मुदतीपूर्वींच, १९१३ सालीं, ती निर्यात थांबली. दुसरा प्रयोग १९२६ सालीं जाहीर झाला. औषधाव्यतिरिक्त इतर कामासाठीं कोणत्याही देशास जाणारी अफू अशाच पायऱ्यांनीं कमी करून १९३५ च्या अखेरीस बंद करण्यांत आली. तिसरा प्रयोग स्वतंत्र भारताचा. प्रांतांना मिळणारी अफू दरसाल शेंकडा दहा कमी करीत १९५९ च्या ३१ मार्चपर्यंत ती पूर्ण थांबवावयाची, असें १९४९ सालीं ठरलें. मुदत पाळली गेली. मात्र प्रकृतीच्या कारणास्तव ज्यांना ती सोडवत नव्हती अशा नोंदलेल्या लोकांसाठीं अपवाद ठेवावा लागला.

हा अपवाद कां ठेवावा लागला, हें थोड्या गणितानें उमगतें. रोज दहा गुंजा अफू खाणारा एक मनुष्य कल्पावा. दरसाल एक गुंज कमी केली तर पहिल्या वर्षीं त्याची मात्रा दशांशानें उतरते. परंतु दोन गुंजांवरून एकीवर येतांना ती निम्मी होते, आणि शेवटच्या वर्षीं तर सगळीच जाते. कागदावर दहाही पायऱ्या सारख्या उंचीच्या. शरीराला मात्र प्रत्येक पायरी मागच्या पायरीहून उंच लागते, आणि पाय सर्वांत थकलेला असतांना सर्वांत उंच पायरी उतरावी लागते. उलट, दर वेळीं हातीं असलेल्या मात्रेचाच दहावा हिस्सा काढला, तर दहाच्या नऊ, नवाच्या आठ आणि एक दशांश, अशी पायरी आपोआप लहान होत जाते. शिवाय सरकारी कपात ही कोठाराची कपात होती. कोठारांतला माल ठरावानें कमी होतो, मनुष्याची तलफ ठरावानें कमी होत नाहीं.

तलफेचें कारण विज्ञानाला पुष्कळ उशिरा उलगडलें. मेंदूंत अफूच्या द्रव्यांना धरून ठेवणारीं विशिष्ट स्थानें आहेत, हें १९७३ सालीं प्रयोगांनीं सिद्ध झालें. रोज अफू मिळत गेली कीं तिच्या मंदपणाला तोल म्हणून कांहीं मज्जापेशी अधिक जोरानें काम करूं लागतात. चढावर जोर लावून गाडी ओढणाऱ्या बैलांचें ओझें एकाएकीं तुटावें आणि ते पुढें कोसळावेत, तसें अफू एकदम बंद होतांच घडतें. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर कांटा, पोटांत कळा, जुलाब, वांत्या आणि झोंप पार नाहींशी होणें, हा क्रम वैद्यांना ठाऊक आहे. दोनतीन दिवसांत त्याचा कळस होतो व आठदहा दिवसांत तो बहुतेक ओसरतो.

हें ओझें एकदम न तोडतां हळूच उतरविण्याचें औषध दुसऱ्या महायुद्धानंतर हातीं आलें. अमेरिकेंत लेक्झिंग्टन येथें १९३५ सालीं उघडलेल्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांनीं मॉर्फीनच्या जागीं मेथाडोन देऊन पाहिलें. तें तोंडावाटें घेतां येतें, त्याचा अंमल दीर्घकाळ टिकतो, म्हणून त्याची मात्रा थोड्या दिवसांत उतरवितां येते. १९६६ सालीं इंग्लंडांत ब्युप्रेनॉर्फीन तयार झालें. हेंही पुढें याच कामीं आलें. परंतु याच सुमारास एक कटु अनुभवही पदरीं पडला. शरीर मोकळें झालेले पुष्कळ लोक पुन्हां त्याच मार्गाला लागत. मध्यंतरीं सहनशक्ति घटलेली असे. जुनी मात्रा पूर्वीच्या हिशेबानें घेतली कीं श्वास थांबून मृत्यु येई. म्हणून न्यूयॉर्कमध्यें डोल व न्यिस्वांडर या डॉक्टरद्वयानें १९६० नंतर वेगळा मार्ग धरला. मात्रा उतरविण्याची घाई न करतां मेथाडोन चालूच ठेवावें आणि मनुष्याला आधीं कामाधंद्याला लावावें.

महाराष्ट्रावर हा प्रश्न पुन्हां कोसळला तो १९८० नंतर, ‘गर्द’ या नांवानें मुंबई-पुण्यांत पसरलेल्या अशुद्ध हेरॉइनच्या रूपानें. २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनीं पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्यानें पुण्यास मुक्तांगण हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू केलें. गर्द तुटल्यावरच्या यातनांना तेथें येणारे तरुण ‘टर्की’ म्हणत. ती टर्की ओसरली म्हणजे काम संपलें नव्हे, खरें काम तेथून सुरू होतें, ही जाणीव या कार्यानें मराठी घराघरांत पोंचविली.

दहावा हिस्सा आजही वैद्यकांतून गेलेला नाहीं. वर्षाहून अधिक काळ अशीं वेदनाशामकें घेणाऱ्याची मात्रा उतरवावयाची असेल तर ती महिन्याला दशांश किंवा त्याहून सावकाश उतरवावी, असें अमेरिकेच्या आरोग्यखात्याचें २०२२ चें मार्गदर्शन सांगतें. आंकडा जुनाच, पण त्याचा धनी बदलला. गती रोग्याशीं बोलून ठरवावयाची, मात्रा खालीं येईल तशी पायरी लहान करावयाची, प्रसंगीं मध्येंच थांबावयाचें, आणि ज्याला उतरणें झेपत नाहीं त्याला औषधावर स्थिर ठेवावयाचें. हें सर्व वैद्याच्या नजरेखालींच व्हावयास हवें. पण सोनईच्या रोग्याला प्रत्येक मात्रेसाठीं नगरला हेलपाटा घालावा लागत असेल, तर पहिली पायरी उतरण्यापूर्वींच त्याचा धीर सुटावयाचा. अफू त्याच्या दारापर्यंत पोंचूं शकली. तिच्यापासून सोडविणारें औषधही तेथपर्यंत पोंचलें पाहिजे. राज्यानें तीन वेळां अफू मोजली. ज्याला ती सोडावयाची आहे त्या मनुष्याच्या पावलानें पायरी मोजणें, हें काम अद्याप व्हावयाचें आहे.