ओझरचा शेंदूर : एका शब्दाचा प्रवास

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले ओझर हे अष्टविनायकांपैकी विघ्नेश्वराचे स्थान असून, वसईच्या १७३९ मधील विजयानंतर चिमाजी अप्पांनी या देवळाचे शिखर सोन्याने मढवले, असे परंपरा सांगते. गाभाऱ्यातील पूर्वाभिमुख मूर्तीला मात्र सोन्यापेक्षा शेंदराची शोभा अधिक आहे. तेलात कालवलेल्या शेंदराच्या लेपाखाली कोरीवकामाचे बारकावे बुजून सोंडेचे वळण आणि पोटाची गोलाई तेवढी ठळक राहते, आणि त्या केशरट लाल अंगावर डोळ्यांतली माणके व कपाळावरचा हिरा लांबूनही उठून दिसतो. या लेपाला मराठीत जो शब्द आहे, त्याचा इतिहास मूर्तीइतकाच न्याहाळण्यासारखा आहे.

शेंदूर म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड. शिसे हवेत भाजले की आधी त्याची पिवळट पूड होते, तिला मुर्दाडशिंग म्हणतात; ही पूड सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअस उष्णतेवर बराच वेळ भाजत ठेवली की तिला नारिंगी लाल रंग चढतो. हे खनिज निसर्गात क्वचितच सापडत असल्यामुळे वापरातला शेंदूर पूर्वापार भट्टीतूनच आलेला आहे. अमरकोशात सिंदुराला ‘नागसंभव’ म्हटले आहे आणि तेथे नाग म्हणजे शिसे, तेव्हा हा रंग कोणत्या धातूपासून निघतो याची पक्की जाण त्या नावातच आहे. पोथ्यांतील लाल अक्षरांसाठी वापरला जाणारा हिंगूळ हा पारा आणि गंधक यांचा संयोग, तर भिंती सारवण्याचा गेरू, म्हणजेच काव, ही लोहयुक्त माती. हे तिन्ही लाल असले तरी त्यांची द्रव्ये वेगवेगळी आहेत. शब्दांची सरमिसळ मात्र जुनी आहे: रसरत्नसमुच्चयात साधारण रसांच्या गणात हिंगूळ आणि मुर्दाडशिंग यांच्याच पंक्तीला ‘गिरिसिंदूर’ बसतो, आणि वैद्यांच्या ‘रससिंदूर’ या पाऱ्याच्या औषधात शिसे मुळीच नसते, तेथे सिंदूर या शब्दाने केवळ रंग सांगितला आहे.

संस्कृत ‘सिंदूर’ मराठीत आला तो प्राकृताच्या वाटेने. जोडाक्षरापूर्वीच्या इकाराचा एकार होतो, हा नियम सांगताना वररुचीच्या प्राकृतप्रकाशात ‘पेंड’ या रूपाबरोबर ‘सेंदूर’ हेही उदाहरण येते. पुढे एकारापूर्वीच्या ‘स’चा मराठीत ‘श’ झाला. सैंधव लवणाचे ‘शेंदेलोण’ झाले तेही याच चालीने. ‘शेंदूर’ हा अशा रीतीने शतकानुशतके लोकांच्या तोंडी घासून तयार झालेला तद्भव शब्द आहे.

उत्तर भारतात सिंदूर प्रामुख्याने सुवासिनीच्या भांगात भरला जातो. मराठी घरांत सौभाग्याचे चिन्ह कुंकू, आणि ते मुळात हळदीपासून होणारे. त्यामुळे मराठीतला शेंदूर देवाच्या, त्यातही दगडातल्या देवाच्या वाट्याला राहिला. गणपती, मारुती, म्हसोबा आणि तांदळा, म्हणजे हातपाय न घडवलेला गोटीव पाषाणदेव, ही त्याची खरी ठिकाणे होत. गजाननाने सिंदुरासुराला मारून त्याचे रक्त अंगाला माखले, ही गणेशपुराणातील कथा या प्रथेचे कारण म्हणून सांगतात. ओझरच्या कथेतला असुर मात्र विघ्नासुर आहे, आणि त्याच्याकडून देवाला मिळाले ते नाव.

क्रियापदांतून या शब्दाची प्रतिष्ठा चढती-उतरती दिसते. भक्त देवाला शेंदूर ‘चढवतो’ किंवा ‘लावतो’, पुराणिक मूर्तीला ‘शेंदूरचर्चित’ म्हणतो, आणि नालायकाला मोठेपण देणाऱ्याविषयी बोलताना तोच मराठी माणूस ‘दगडाला शेंदूर फासला’ असे म्हणतो. ‘फासणे’ या एका क्रियापदाने देवत्व काढून घेतले जाते. ‘शेंदरी’ हे विशेषण तर देवळाबाहेर पडून शेतात गेले: कपाशीच्या बोंडातली अळी शेंदरी बोंडअळी झाली, आणि ज्याच्या बियांपासून रंग काढतात ते झाड शेंदरी या नावाने ओळखले गेले.

लेपावर लेप चढत गेला की तेलाबरोबर शेंदूर घट्ट होतो आणि मूर्तीभोवती कवच तयार होते. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचे असे कवच २०२२ साली उतरवण्यात आले, तेव्हा आतली मूळ घडण भाविकांना प्रथमच पाहता आली. शिसे विषारी असल्यामुळे ही पूड पोटात जाऊ न देणे आणि मुलांच्या हाती न लागू देणे, हेही देवळांनी आणि घरांनी सांभाळले पाहिजे.

अलीकडे पूजासाहित्याच्या पुड्यांवर आणि बातम्यांतही, हिंदीच्या ओघात, देवाच्या लेपाला ‘सिंदूर’ म्हणण्याची सवय वाढते आहे. भांगातल्या सिंदुराची गोष्ट असेल तेथे तो शब्द जरूर यावा. ओझरच्या विघ्नेश्वराविषयी लिहिताना मात्र मराठी लेखणीने ‘शेंदूर’च लिहावे.