घोडबंदरची उडी

ठाण्याहून घोडबंदरच्या रस्त्यानें गेलें म्हणजे वरसाव्याचा नाका लागतो, व तेथूनच अहमदाबादेचा मार्ग वसईची खाडी ओलांडतो. किल्ला जवळच आहे. अरबी घोडे या बंदरीं उतरत, म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. पोर्तुगीजांचें हें ठाणें 1737 मध्यें मराठ्यांनीं घेतलें, हें तर प्रसिद्धच आहे. परवां नाक्यानजीक चार मुलें लहान चाकांच्या सायकलींवरून फळीवर चढून अधांतरीं उड्या घेतांना दिसलीं, तेव्हां मीं मुद्दाम थांबलों.

या सायकलीचें कूळ फार जुनें नाहीं. 1963 मध्यें अमेरिकेंतील श्विन कंपनीनें ‘स्टिंग-रे’ नांवाची वीस इंची चाकांची सायकल काढली. दक्षिण कॅलिफोर्नियांतील पोरांनीं तिच्यावर बसून मोटारसायकलींच्या शर्यतींची नक्कल मातीच्या उंचवट्यांवर आरंभिली. 1971 च्या ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटाच्या आरंभीं अशीच पोरें दिसतात, आणि हें वेड पसरविण्यास त्यानें मोठा हातभार लावला. पोरखेळ म्हणून हिणविलेला हा प्रकार 2008 सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकांत शर्यतीच्या रूपानें गेला; त्यांतील कसरतींस मात्र 2021 मध्यें टोकियोपर्यंत थांबावें लागलें.

पहिला धडा ‘बनी हॉप’, म्हणजे सशाची उडी. नवशिका दोन्ही चाकें एकदम उचलूं पाहतो व तेथेंच फसतो. गुडघे वांकवून अंग खालीं दाबावें, हात ताठ ठेवून भार मागें न्यावा, कीं पुढचें चाक उठतें. लगेच पायांवर उसळी घेऊन हँडल पुढें लोटावें व तळव्यांनीं पॅडल मागें रेटीत पाय वर ओढावे, म्हणजे मागचें चाक पाठोपाठ येतें. प्रथम जमिनीवरील खडूची रेघ, मग काठी, मग फळी.

मल्लखांबाचा क्रमही याहून निराळा कोठें आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं ती विद्या सजीव केली, याचा आम्हांस अभिमान; सायकलीवरील उडी मात्र आमच्या लेखीं उनाडकी! परिणामीं तिला ना आखाडा, ना वस्ताद. हीं मुलें मालमोटारींच्या रस्त्यालगत शिकत होतीं, आणि चौघांत शिरस्त्राण एकच, तेंही पाळीपाळीनें.

त्यांतील एकाचा पाय घसरून नडगी सोलवटली. मीं कांहीं बोलणार तोंच तो उठला. “काका, जरा बाजूला व्हा,” म्हणाला, “पुढचं चाक उशिरा उचललं.” आणि सायकल मागें घेऊन पुन्हां फळीकडे निघाला.