मंगळावरील रोव्हर आणि फ्लॅश मेमरीची जोडी

यंत्रात बसविलेल्या संगणकाची नोंदवही म्हणजे फ्लॅश मेमरी. वीज गेली तरी तिच्यातील नोंदी टिकतात. एकीऐवजी दोन ठेवल्या की धोका टळतो, असा सर्वसाधारण समज आहे. मंगळावरील मोहिमांचा इतिहास तो पूर्णतः मान्य करीत नाही.

२१ जानेवारी २००४ रोजी नासाच्या ‘स्पिरिट’ रोव्हरशी असलेला संपर्क बिघडला. त्याच्या २५६ मेगाबाइट फ्लॅशमध्ये फायलींची संख्या इतकी वाढली होती, की त्यांची सूची उघडण्यास संगणकाची कार्यस्मृती अपुरी पडे आणि तो पुनःपुन्हा नव्याने सुरू होई. चिप मात्र निर्दोष होती. जोडीला दुसरी असती तरी त्याच आज्ञावलीने तीही भरून टाकली असती. फ्लॅश वगळून संगणक सुरू करण्याची सोय होती, म्हणूनच रोव्हर वाचला.

२०१२ मध्ये उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’त जोडी होती ती अख्ख्या संगणकाची, प्रत्येकास २ गिगाबाइटची स्वतंत्र फ्लॅश. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ए’ संगणकाच्या फ्लॅशमध्ये बिघाड होताच कारभार ‘बी’कडे गेला. येथे दोष खरोखरच स्मृतीचा होता आणि जोडी उपयोगी पडली. ‘ए’मधील सदोष भाग वगळून तो राखीव ठेवण्यात आला. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘बी’ला माहिती साठविता येईना, तेव्हा ऑक्टोबरमध्ये याच ‘ए’ने सूत्रे पुन्हा हाती घेतली.