अंगठ्याएवढा करार : घरच्या वेगवान नेटवर्कमधील ट्रान्सीव्हरचा इतिहास

१/
दहा गिगाबिटांचा वेग आता घरगुती स्विचमध्येही मिळू लागला आहे. अशा स्विचच्या दर्शनी भागावर काही चौकोनी स्लॉट रिकामे असतात आणि त्यांत बसवायची धातूची डबी वेगळी विकत घ्यावी लागते. तिला एसएफपी ट्रान्सीव्हर म्हणतात. ही डबी यंत्रातच का नसते? आणि इतक्या प्रकारांतून नेमकी कोणती घ्यावी? मित्रहो, पहिल्या प्रश्नाचा इतिहास समजला की दुसऱ्याचे उत्तर पुष्कळ सोपे होते. आजचा धागा त्याविषयी.

२/
ट्रान्सीव्हर म्हणजे प्रेषक आणि ग्राहक एकाच देहात. स्विचला विद्युत्-संकेत कळतात. बाहेरची वाट मात्र तांब्याची असेल किंवा काचेची. या दोघांमधले भाषांतर ट्रान्सीव्हर करतो. दरबारात दुभाष्याचे जे काम, तेच याचे. दुभाषी पदरी कायमचा ठेवायचा की प्रसंगानुसार नेमायचा, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत दोनदा बदलले.

३/
आरंभ १९७३ चा. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे रोजी एक टिपण लिहिले आणि त्यात ‘इथरनेट’ हे नाव योजले. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने उभारलेल्या त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. आजचा दहा गिगाबिटांचा घरगुती दुवा त्याच्या तीन हजार पटींहून अधिक वेगवान आहे.

४/
१९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून दहा मेगाबिटांचे तपशीलपत्र प्रसिद्ध केले. त्या काळी जाड कोॲक्सियल केबल इमारतीभर फिरवीत. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असे आणि त्या खुणेवर ट्रान्सीव्हरची पेटी चिमट्यासारखी बसवीत. पेटीपासून संगणकापर्यंत ५० मीटरपर्यंत लांबीची वेगळी केबल जाई. म्हणजे ट्रान्सीव्हर आरंभी यंत्राबाहेरच होता.

५/
१९९० मध्ये पिळाच्या तारांवरील इथरनेट प्रमाणित झाले. वाट बहुतेक सर्वत्र एकसारखीच ठरल्याने दुभाषी थेट यंत्राच्या आत गेला. आपल्या लॅपटॉपचा किंवा राउटरचा नेहमीचा पोर्ट म्हणजे त्या काळाचा वारसा. पुढे १९९८ मध्ये गिगाबिट इथरनेट आले ते प्रामुख्याने काचेच्या तंतूवर, आणि तेही एकाहून अधिक रूपांत. एकच दुभाषी पुरेनासा झाला.

६/
ही काचेची वाट आली कोठून? १८४० च्या दशकाच्या आरंभी जिनिव्हात झां-दानिएल कोलाडाँ यांनी पाण्याच्या वाकणाऱ्या धारेत प्रकाश कोंडून दाखवला. १९५४ मध्ये पंजाबातील मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून तो शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. कपानींना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

७/
पण काच प्रकाश गिळत होती. किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल घट असेल, तर २० मीटरवर एक टक्काच प्रकाश उरतो. १९६६ मध्ये इंग्लंडमधील हार्लो येथे चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवले की दोष काचेतील अशुद्धीचा आहे. घट किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत उतरली तर दूरसंचार शक्य होईल. १९७० मध्ये कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ती मर्यादा ओलांडली. एक टक्क्याची सीमा २० मीटरवरून किलोमीटरपलीकडे गेली. आजच्या उत्तम तंतूत ती सुमारे १०० किलोमीटरवर आहे. काव यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

८/
याच काळात दोन घराणी वेगळी झाली. मल्टी-मोड तंतूचा गाभा ५० मायक्रोमीटरच्या घरातला; त्यात प्रकाश सोडणे सोपे, पण किरण अनेक वाटांनी धावत असल्याने लांबवर संकेत विस्कटतो. सिंगल-मोडचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर. जुळवणी नाजूक, पण पल्ला मोठा. जपानचे केनिची इगा यांनी १९७७ मध्ये पृष्ठभागातून प्रकाश सोडणाऱ्या लेसरची कल्पना मांडली. पुढे त्याच जातीच्या स्वस्त लेसरांनी मल्टी-मोडला इमारतींच्या आत टिकवून धरले.

९/
वाटा अनेक झाल्या, म्हणून दुभाषी पुन्हा बाहेर आला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर जीबीआयसी ही बदलता येणारी डबी आली. तिची छोटी आवृत्ती म्हणजे एसएफपी. सरकारी फर्मान किंवा एखाद्या कंपनीचे पेटंट यांतून तिचा आकार ठरला नाही. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या उत्पादकांनी ‘बहुस्रोत करार’ करून तो ठरवला आणि त्याचे तपशीलपत्र २००१ साली प्रसिद्ध झाले. रुंदी १३.४ मिलिमीटर, लांबी सुमारे ५६.५ मिलिमीटर, संपर्कांची जागा आणि खटक्याची रचना, सारे त्यात नोंदलेले आहे. दहा गिगाबिटांची एसएफपी प्लस आणि पंचवीस गिगाबिटांची एसएफपी २८ ही त्याच बाह्याकाराची पुढची पिढी.

१०/
कराराचा हेतू त्याच्या नावातच आहे : एक पुरवठादार नको, अनेक हवेत. परंतु याच डबीत एक लहानशी स्मृती असते. तिच्या पहिल्या २५६ बाइटांत प्रकार, वेग आणि तरंगलांबी यांसह उत्पादकाचे नाव नोंदलेले असते. त्या नावासाठी १६ अक्षरांची जागा आहे, आणि उत्पादकाला हवे ते लिहायला काही जागा मोकळी सोडलेली आहे. हेतू ओळख पटवण्याचा होता. काही स्विच-उत्पादकांनी त्याच नोंदीचा कुलपासारखा वापर केला : नाव किंवा सांकेतिक खूण आपली नसेल, तर पोर्ट चालू करायचाच नाही. कराराने उघडलेले दार १६ अक्षरांनी पुन्हा लोटले गेले. घरगुती ग्राहकाचा खिसा येथेच कापला जातो.

११/
आता निवडीकडे वळू. दोन यंत्रे एकाच कपाटात, दोन-तीन मीटरांत असतील, तर प्रकाशाची गरजच नाही. दोन्ही टोकांना एसएफपी प्लस जोडूनच येणारी तांब्याची डीएसी केबल घ्यावी. ती स्वस्त असते आणि वीजही नगण्य घेते.

१२/
एका खोलीतून दुसऱ्या खोलीत किंवा मजल्यावर जायचे असेल, तर तंतू. ‘एसआर’ डबी ८५० नॅनोमीटरवर चालते आणि ओएम ३ मल्टी-मोड तंतूवर ३०० मीटर जाते. ‘एलआर’ डबी १३१० नॅनोमीटरवर, सिंगल-मोडवर १० किलोमीटर. घरात एलआर वापरली तर अतिप्रकाशाने ग्राहक बिघडेल, अशी भीती अनेकांना वाटते. दहा गिगाबिटांच्या प्रमाणात एलआरच्या प्रेषकाची कमाल शक्ती ग्राहकाच्या सहनसीमेत ठेवलेली आहे, त्यामुळे ती भीती अनाठायी. ४० आणि ८० किलोमीटरच्या डब्यांबाबत मात्र ती खरी आहे. भिंतीत कायमचा तंतू पुरायचाच असेल, तर सिंगल-मोड पुरावा. वेगाच्या पिढ्या बदलल्या तरी तो कामी येत राहतो.

१३/
भिंतीत आधीच तांब्याची केबल असेल, तर ‘१० जीबेस-टी’ डबी मिळते; पण ती तापते. कारण ऐतिहासिक आहे. एसएफपी प्लसचा स्लॉट प्रामुख्याने प्रकाशासाठी, एक ते दीड वॅट गृहीत धरून बेतला गेला. तांब्यावर दहा गिगाबिट पळवण्यासाठी बरेच अधिक संकेतसंस्करण लागते आणि ही डबी साधारण दोन ते तीन वॅट खाते. पंखा नसलेल्या स्विचमध्ये अशा डब्या शेजारी-शेजारी बसवू नयेत. पल्लाही बहुधा ३० मीटरच सांगितलेला असतो.

१४/
आणखी एक सापळा. इंटरनेट-सेवा देणाऱ्या कंपनीचा तंतू घरात आला आहे, तो थेट एलआर डबीत घातला तर चालेल का? बहुधा नाही. भारतातील घरगुती जोडण्या प्रायः जीपॉन पद्धतीच्या असतात : एकच तंतू विभाजकातून अनेक घरांत जातो, खाली येताना १४९० आणि वर जाताना १३१० नॅनोमीटर वापरतो. टोकाचा हिरवा कनेक्टरही वेगळ्या घडणीचा असतो. वाट काचेचीच, पण बोली निराळी.

१५/
वापराचे नियम थोडके. दोन्ही टोकांचा वेग आणि तरंगलांबी जुळली पाहिजे. तांब्याच्या पोर्टांप्रमाणे ही यंत्रे आपसांत बोलून मधला वेग ठरवत नाहीत. ‘बायडी’ प्रकारात एकाच तंतूवर दोन्ही दिशांचा प्रकाश जातो, म्हणून तेथे १२७० आणि १३३० अशी पूरक जोडीच हवी. टोके स्वच्छ ठेवावीत, रिकाम्या डबीवर टोपण असावे, तंतू तीक्ष्ण कोनात वाकवू नये. आणि टोकात डोकावून पाहू नये : हा प्रकाश प्रायः अदृश्य असतो, म्हणून इजेची शंकाही येत नाही.

१६/
कुलपाचे काय? खरेदीपूर्वी स्विचच्या अनुरूपतेची यादी पाहावी. दोन टोकांना दोन कंपन्यांची यंत्रे असतील, तर प्रत्येक टोकासाठी त्या-त्या कंपनीच्या नोंदीची डबी मागवावी; स्वतंत्र विक्रेते तशी नोंद करून देतात. काचेतून जाणाऱ्या प्रकाशाला कंपनीचे नाव ठाऊक नसते, म्हणून दोन वेगवेगळ्या नावांच्या डब्या परस्परांशी सुखाने बोलतात. शक्य असेल तर नावाची तपासणी न करणारा स्विच निवडावा. कराराचा मूळ हेतू तेथेच शाबूत आहे.

१७/
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक प्रयोग अवश्य करा. लिनक्सवर ‘ईथटूल’ने किंवा स्विचच्या व्यवस्थापन-पानावरून आपल्या डबीची स्मृती वाचा. उत्पादकाचे नाव, तरंगलांबी आणि डबीत निदानाची सोय असेल तर तापमान व येणाऱ्या प्रकाशाची शक्ती समोर दिसेल. दोन दशकांपूर्वी प्रतिस्पर्ध्यांनी ठरवलेल्या जागी आजही तीच माहिती लिहिलेली असते. आपण कागदपत्रे वाचायला शिकतो ती बखरींत आणि दफ्तरांत. हाही एक दस्तऐवज आहे, आणि तो आपल्या घरात आहे. तुमच्या डबीत कोणते नाव निघाले, ते खाली जरूर लिहा.