धर्मादाय : पैसा कुणाचा, पुण्य कुणाचे?

व्यापार नफ्यासाठी करावयाचा आणि दानधर्म त्या नफ्यातून, सवड मिळेल तसा करावयाचा, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. परंतु मुरबाडच्या पूर्वेस उभ्या असलेल्या सह्याद्रीला विचारले तर तो निराळेच सांगेल. वैशाखऱ्याजवळून वर जाणारा नाणेघाट हा सातवाहनकाळी कोकणातील बंदरे आणि जुन्नर यांना जोडणारा व्यापारी मार्ग होता. तो चढून जुन्नरास गेले की तेथील एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचे आढळते. हे दान एका धनिकाचे नव्हे. अवघ्या धंद्याचे आहे.

नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख तर हिशेबच मांडतो. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावयाचे. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. आणि हे सारे निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदले, असेही लेख सांगतो. दानाइतकीच ही नोंद महत्त्वाची आहे.

पुढे हीच रीत पेढीवर आणि बाजारात ‘धर्मादाय’ या नावाने रुजली. मुंबईत १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आदी व्यापाऱ्यांनी स्थापन केलेल्या पांजरपोळास मालाच्या देवघेवीवर बसविलेल्या ऐच्छिक पट्टीचा आधार होता. थेंबे थेंबे तळे साचे, हे खरे. पण थेंब ज्याचा, त्याचे नाव तळ्यावर राहते काय? पट्टी बिलात चढते ती गिऱ्हाइकाच्या माथी. संगमरवरी पाटीवर मात्र नाव शेटजींचे!

या प्रश्नाचे उत्तर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने दिले. त्याचे कलम ५४ म्हणते की, व्यवहारात धर्मकार्याच्या नावे घेतलेली रक्कम घेणाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने असते, आणि तिचा वार्षिक हिशेब त्याने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास दिला पाहिजे. बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही असा धर्मादाय हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे ठरविले.

आता पेढीची जागा कंपनीने घेतली आहे. अमेरिकन एक्सप्रेसने १९८३ साली कार्डावरील प्रत्येक खरेदीमागे एक सेंट स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीस देऊ केला. सुमारे १७ लक्ष डॉलर जमले, आणि कार्डाचा वापरही वाढला. धर्म साधला आणि धंदाही साधला. यात वावगे काहीच नाही. मात्र कंपनी आपल्या नफ्यातून देते ते कंपनीचे दान. बिलात वरचा रुपया लावून घेते ते आपले दान. या दोहोंची गल्लत होऊ देणे इष्ट नाही.

म्हणून वरचा रुपया आनंदाने द्यावा. पण तो कोठे गेला, हेही विचारावे. विचारणे हा कृपणपणा नव्हे. विणकरांच्या श्रेणीवर उषवदाताचा विश्वास होता, तरीही त्याने हिशेब दगडावर कोरून ठेवला. विश्वास आणि हिशेब यांचे वैर नाही, हे आपल्या डोंगरांनी केव्हाच लिहून ठेवले आहे.