घागरा घालून बर्फाच्या डोंगरावर

आज दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशातल्या आयमारा बायकांची गोष्ट ऐकू या.

त्यांचा पोशाख म्हणजे घेरदार घागरा, 'पोलेरा'. स्पॅनिश राजवटीपासून चालत आलेला. हा घागरा पाहून शहरातली काही हॉटेलं त्यांना आतही घेत नसत.

घरधनी डोंगरातले वाटाडे. पाहुण्यांना दोराला बांधून शिखरावर न्यायचे. बायका खाली तळावर रांधायच्या, ओझी वाहायच्या. वर काय असतं, हे फक्त ऐकायचं.

२०१५ साली अकरा जणींनी ठरवलं, आपणच जाऊन बघू. घागरा तोच. फक्त बुटांखाली लोखंडी काटे, डोक्यावर हेल्मेट आणि कमरेला दोर. ६,०८८ मीटर उंचीचा हुआयना पोतोसी त्यांनी सर केला. पुढे अकोतांगो हा बर्फाने झाकलेला ज्वालामुखीही चढल्या. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यातल्या बायका ६,९६१ मीटरच्या अकोन्काग्वावर पोचल्या. आशियाबाहेर याहून उंच डोंगर नाही.

त्यांच्यातल्या काही जणी आता स्वतः वाटाड्याचं काम करतात. ओझं वाहायची ताकद अंगात आधीपासून होतीच, दोर हातात यायचा राहिला होता.

आपल्या गटात रांधणारी कोण आणि व्यवहाराला पुढे जाणारं कोण? पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.